आवाज कुणाचा?

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून या गावाचं नाव नासिक, हे आम्हा नाशिककरांना पाळण्यात असल्यापासून सांगितलं जातं. वाल्मीकींनी मात्र नाक आणि कान, दोन्ही कापल्याचं लिहून ठेवलंय. नाकाला अख्खं गाव मिळालं, कानाला साधी गल्लीसुद्धा नाही. पंचवटीत पाहुण्यांना गोष्ट सांगणारे गाइड नाकापाशी येऊन थांबतात आणि पैसे मागतात. नाशकात कानांची जी परवड चालली आहे तिची सुरुवात तिथे झाली, असं माझं मत आहे. माझ्या दोन्ही कानांचंही तेच मत आहे.

माझ्या डोक्यात आवाज येतो. उठलो की असतो, झोपताना असतो. मधल्या वेळात गावाचा कालवा त्याला गप्प बसवतो, एवढंच. माझी हयात सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये गेली. पूर्वी नाशकात 'मुलगा प्रेसमध्ये आहे' म्हटलं की मुलीकडची मंडळी खुर्ची पुढे करायची, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे नाशिकरोडच्या छापखान्यातल्या कोऱ्या करकरीत नोटा यायच्या. माझी प्रेस पत्र्याची. तिच्यातून नोटांऐवजी मडगार्डं निघायची आणि दर ठोक्याला एक शिक्का माझ्या कानावर उमटायचा. हा खुलासा सासऱ्यांना साखरपुडा झाल्यावर झाला.

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, आवाज कसा येतो?"

"न बोलावता," मी म्हटलं.

"तसं नाही हो. शिट्टीसारखा, भुंग्यासारखा, रातकिड्यासारखा, का ठोके पडल्यासारखा? एका कानात का दोन्हीकडे? सलग का थांबून थांबून? चक्कर येते का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

डोक्यातला आवाज म्हणजे एकच प्रकरण असेल अशा समजुतीने मी गेलो होतो. इथे जाती, पोटजाती आणि चौकशी समिती निघाली. दुसऱ्या गावच्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं सोपी जात असतील. नाशिककराची पंचाईत अशी, की आवाज डोक्याच्या आत होतोय का बाहेर, इथूनच वादाला सुरुवात होते.

भुंग्याचंच घ्या. खालच्या पट्टीतला, सलग, घों घों असा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपी आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात त्या डीपीतला लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणतो-आखडतो, म्हणून डीपी १०० हर्ट्झला घुमते. हा भुंगा माझा का डीपीचा, हे ठरवायचा एकच खात्रीचा उपाय: लाइट जाण्याची वाट पाहणं. गेली आणि घुमणं थांबलं तर तुम्ही निर्दोष. एकदा भर उन्हाळ्यात रात्री लाइट गेली, अख्खी गल्ली हातपंखे घेऊन कण्हत होती आणि मी गॅलरीत उभा राहून समाधानाने हसत होतो. "अहो, इथे जीव जातोय आणि तुमचं काय चाललंय?" असं आतून आलं. भुंगा डीपीचा निघाला होता. त्याच्याखाली दबलेली माझी बारीक किर्र मात्र तेवढ्यात पुढे आली.

दुसरा प्रकार धडामचा. डोळा लागतालागता डोक्यात बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो, माणूस दचकून उठून बसतो, दुखत-खुपत काही नाही. सायलस वीअर मिचेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७६ साली याचं वर्णन केलं आणि १९८८ साली पिअर्स नावाच्या डॉक्टरने त्याला 'एक्स्प्लोडिंग हेड' असं फटाक्याच्या पुडक्यावर शोभेल असं नाव दिलं. प्रकार निरुपद्रवी आहे. जगात इतरत्र लोक घाबरून दवाखान्यात जातात. नाशकात कोणी जात नाही. देवळालीला लष्कराचं तोफखान्याचं शिक्षणकेंद्र आहे, तिथे तोफांचा सराव चालतो. त्यामुळे रात्री धडाम झालं की आपण "देवळाली" म्हणतो आणि कूस बदलतो. आमच्यातल्या किती जणांची डोकी वर्षानुवर्षं फुटत असतील आणि त्याचं बिल लष्करावर फाटत असेल, कोण जाणे.

देवळालीचा आणि डोक्याचा संबंध तसा जुना. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. ऊन, आळस, दारू आणि हिवताप. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. हिवतापावर तेव्हा क्विनाईन द्यायचे, आणि क्विनाईन जास्त झालं की कानात घंटा वाजायला लागतात, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. ॲस्पिरिनच्या जबर डोसानेही तेच होतं. म्हणजे त्या बिचाऱ्यांतल्या काहींचं डोकं फिरलेलं नसून नुसतं वाजत असणार. पण लष्करात हा फरक कोण करत बसतो?

घंटेवरून आठवलं. अचानक एका कानात टिंऽऽ असा आवाज होतो, क्षणभर त्या बाजूचं ऐकू येईनासं होतं आणि मग तो विरत जातो, हे सगळ्यांनाच कधी ना कधी होतं. त्याचं काही मनावर घेऊ नये. खरी घंटा गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर १७२१ हे साल आहे आणि देऊळ १७४७ चं. गोदावरीचं पाणी घंटेला लागलं की नाशिक बुडालं, असा जुन्या लोकांचा हिशेब. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या आजीच्या कानात टिंऽऽ झालं की ती आधी अंथरुणं माळ्यावर चढवायची, मग कानात तेल घालायची.

एका प्रकाराबद्दल मात्र डॉक्टर गंभीर झाले. सूंऽ सूंऽ असा नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, किंवा एकाच कानात ठाण मांडून बसलेला. पहिल्यात रक्तदाब, पंडुरोग, एखादी रक्तवाहिनी, काहीही निघू शकतं. दुसऱ्यातही आत काय आहे ते तपासून घ्यावं लागतं. एका रात्रीत कान बंद होऊन आवाज सुरू झाला तर लसणीचं तेल गरम करत बसू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठावा. यात विनोद नाही, म्हणून पुढे जातो.

टुक-टुक हा आणखी एक प्रकार. मधल्या कानात दोन इवलेसे स्नायू असतात, त्यांना उबळ आली की आत टिकटिक सुरू होते. कधीकधी ती डॉक्टरलाही नळी लावून ऐकू येते. रुग्णाच्या दृष्टीने यासारखं सुख नाही. बाकीच्यांना आयुष्यभर 'मनाचे खेळ आहेत' हे ऐकावं लागतं, याच्याकडे साक्षीदार असतो. पण नाशकात उन्हाळ्याच्या दुपारी हीच टुक-टुक वडाच्या झाडावर तांबट पक्षीही करत बसलेला असतो, न थकता, एका लयीत. आणि जुन्या नाशकात तर जिवंत तांबट होते.

तांबट आळीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी एके काळी मुलुखात नावाजलेली: हंडे, घागरी, बंब, पराती. लहानपणी आजोबांबरोबर तिकडे गेलो की आळीच्या आधीच आवाज लागायचा. ओळीने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मांडीशी घागर, आणि मठारकाम चाललेलं. घागर फिरवत फिरवत हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून द्यायचा, मध्ये जागा सुटली की घाट बिघडला. असे दहा जण एकदम ठोकत. आजोबा भाव करायचे ते बोटांनी. तांबटही बोटांनीच उत्तर द्यायचा. मला तेव्हा वाटायचं ही यांची काहीतरी गुप्त भाषा आहे. पुढे कळलं, म्हातारे तांबट ऐकतच नव्हते. दुपारी जेवणासाठी आळी थांबली की ते डोकं हलवत बसायचे. आळी थांबायची, त्यांचं डोकं थांबायचं नाही.

बर्नार्डिनो रामात्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने हेच व्हेनिसच्या तांबटांत पाहिलं होतं. धंद्यापायी होणाऱ्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ मध्ये त्याने तो वाढवला. व्हेनिसलाही तांबट सगळे एकाच वस्तीत, दिवसभर ठाकठूक, आणि म्हातारपणी ठार बहिरे. तीनशे वर्षं उलटली, कान तेच, ठोका तोच. मडगार्ड काढणारा माणूस त्यात तांबटाचा पुतण्याच म्हणायचा.

याच्या बरोबर उलट गोष्ट ज्यूंच्या तालमूदमध्ये आहे आणि ती मला फार आवडते. जेरुसलेमचं मंदिर पाडणाऱ्या टायटस या रोमन सरदाराच्या, पुढे बादशहा झालेल्याच्या, नाकात एक चिलट शिरलं आणि सात वर्षं त्याचा मेंदू कुरतडत राहिलं. एक दिवस तो लोहाराच्या दुकानावरून चालला असताना घणाचा आवाज ऐकून चिलट गप्प झालं. मग काय, रोज एक लोहार दरबारात आणून टायटसच्या समोर ठोकायला बसवायचा. तीस दिवस छान गेले. नंतर चिलटाला घणाची सवय झाली आणि ते पुन्हा कुरतडायला लागलं. आजचे डॉक्टरही आवाजावर आवाजाचाच उतारा देतात: रात्री पंखा लावा, पावसाचं रेकॉर्डिंग लावा, हळूहळू सवय होईल. सवय रुग्णाला व्हायला हवी, चिलटाला नव्हे, एवढाच काय तो दोन हजार वर्षांतला फरक.

नाशकात ठोकाठोकीचा विषय निघाला आणि ढोल निघाला नाही, असं होत नाही. नाशिक ढोल आता मुंबई-पुण्याच्या वरातींपासून परदेशातल्या गणपतीपर्यंत सगळीकडे जातो. गंमत म्हणजे देशाला मूकपट देणारे दादासाहेब फाळकेही याच जिल्ह्याचे, त्र्यंबकेश्वरचे. देशाने दोन्ही घेऊन पाहिलं आणि ढोल ठेवून घेतला. वाकडी बारवेपासून विसर्जनाची मिरवणूक निघते ती याच दादासाहेब फाळके रोडवरून. ८५ डेसिबल आवाज कान आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ढोलताशाच्या जवळ आकडा शंभराच्या पुढे सहज जातो, आणि १५ मिनिटांत आमची मिरवणूक फाळके रोडच काय, पहिली आरतीसुद्धा ओलांडत नाही. कानाचा त्या दिवसाचा शिधा नारळ फुटायच्या आधीच संपतो. उरलेला दिवस उधारीवर.

माझी तपासणी काचेच्या एका बंद खोलीत झाली. कानाला हेडफोन, हातात बटण. "बारीक आवाज आला की दाबा," आतल्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटलं. नाशकात जन्म काढून मी पहिल्यांदा शांततेत बसलो होतो, आणि ती शांतता इतकी वाजत होती की मी बटण सोडेचना. ताई दार उघडून म्हणाल्या, "काका, मी अजून सुरूच केलं नाही."

हे माझ्या एकट्याचं नव्हतं, हे नंतर कळलं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगल्या कानांची ८० माणसं एकेक करून निःशब्द खोलीत बसवली. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं: गुणगुण, किर्र, शिट्टी. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात बारीकसं दुकान चालूच असतं. बाहेरच्या बाजारामुळे ते कळत नाही, इतकंच.

माझा आलेख ताईंनी मला समजावून सांगितला. रेघ आडवी चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. ठणठणाटाने गेलेल्या कानाची ही सही. आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात, आणि एकदा गेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. टकलासारखंच, पण याला टोपी नाही. या पट्टीत स, श, त, फ असली हलकी व्यंजनं राहतात. मला आता कळलं की फुले मार्केटात द्राक्षवाला "साठ रुपये" म्हणाला तेव्हा मी "आठ" ऐकून चार किलो का भरायला लावली होती.

मग वाजतं ते काय? ताई म्हणाल्या, कान नव्हे, मेंदू. कुठल्या तरी पट्टीतली बातमी येईनाशी झाली की मेंदू रेडिओचं बटण पिळत जातो. केंद्र बंदच असतं, मग खरखर मोठी होते, आणि तीच आपण ऐकतो. त्यांनी यंत्रावर सूर फिरवत फिरवत माझी किर्र नेमकी जुळवूनही दाखवली. बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराने आपल्या कानातला असाच तार सूर १८७६ साली एका रचनेच्या शेवटी व्हायोलिनला लांबवर धरायला लावला. तोवर तो पुरता बहिरा झाला होता. आम्हा वाजणाऱ्यांच्या जमातीत एवढ्या एकानेच त्या आवाजाकडून काम करून घेतलं. बाकीचे नुसते सांगत सुटतो.

आणि सांगितलं की सल्ले येतात. आमच्या व्याह्यांच्या ओळखीतल्या वैद्यांनी नाडी धरून सांगितलं, सुश्रुतांनी कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद वेगळा आणि कर्णक्ष्वेड वेगळा. भेरी, मृदंग, शंख ऐकू येत असतील तर पहिला. बासरी येत असेल तर दुसरा. पोरांनी सांगितलं, गूगल करू नका. बहिणीने सांगितलं, भ्रामरी कर. गुणगुण जाण्यासाठी सकाळ-संध्याकाळ बसून गुणगुणायचं. केलं. घरातल्या बाकीच्यांनाही त्रास सुरू झाला, एवढा फरक पडला.

शेजारच्या अण्णांनी तर मला नमस्कारच केला. "अहो, हा अनाहत नाद! लोक हिमालयात जातात याच्यासाठी." त्यांनी हंसोपनिषदातली पायरी-पायरी सांगितली. नाद दहा. पहिला चिणी, दुसरा चिंचिणी, मग घंटा, शंख, वीणेची तार, टाळ, वेणू, मृदंग, भेरी आणि दहावा मेघगर्जना. नऊ सोडून द्यायचे, दहावा धरायचा. "तुमचं कुठपर्यंत आलंय?"

मी लक्ष देऊन ऐकलं. "चिणी," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत फक्त चिणी?" अण्णांचा चेहरा पडला. नापास मुलाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघू लागले, आणि नंतर जिन्यात भेटले की विचारायचे, "चिंचिणी?"

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. कानातला मळ काढला, रक्तदाब बघितला, कानाचं मशीन सुचवलं आणि सांगितलं, या आवाजाला पुसून टाकणारी गोळी नाही. बाहेरचं नीट ऐकू आलं की आतलं मागे पडतं. सल्ला खरा निघाला. फक्त मशीन लावल्यापासून सोसायटीतली भांडणं शब्दन्‌शब्द ऐकू येतात. ती पूर्वी मला भजनासारखी वाटायची.

त्यातूनच मागच्या वार्षिक सभेत तो विषय आला: 'पाण्याच्या पंपाचा रात्रीचा आवाज'. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांची लेखी तक्रार होती, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या मॅडमची तोंडी. पंप गेल्या दिवाळीत बदलला होता, मग बेअरिंग बदललं, मग त्याच्याखाली रबर घातलं; आवाज जात नव्हता आणि खजिनदारांचा संयम जात होता. शेवटी खजिनदार उठले. रात्री दहाला सगळ्या सभासदांना गच्चीवर नेलं, वॉचमनदादांना खाली पाठवून मेन स्विच काढायला लावला, आणि म्हणाले, "पंप बंद आहे. आता कोणी बोलायचं नाही. ज्यांना अजून आवाज येतोय त्यांनी हात वर करा."

मुख्याध्यापकांचा हात गेला. मॅडमचा गेला. माझा तर ठरलेलाच होता. पाण्याच्या टाकीमागून अण्णांचाही हळूच वर आला. मी बघितल्यावर त्यांनी त्याच हाताने टोपी सारखी केली. सेक्रेटरींचा हात छातीपर्यंत आला आणि तिथून परत गेला.

दुसऱ्या आठवड्यात इतिवृत्त फळ्यावर लागलं. ठराव क्रमांक सात: "सदर आवाज पंपाचा नसून संबंधित सभासदांचा वैयक्तिक असल्याचे पाहणीत आढळले. सबब त्याच्या देखभालीचा खर्च सोसायटीवर पडणार नाही. सूचक खजिनदार. अनुमोदन एकमताने, चार सभासदांना ठराव नीट ऐकू न आल्याने तो दोनदा वाचण्यात आला."